खालच्या रांगेतली साल

मामा,

तुमच्यावर लाकडं रचत होते तेव्हा मी बायकांच्या मागे उभी होते, नेहमीसारखी. स्मशानातला माणूस एकेक ओंडका उचलून ठेवत होता आणि दर ओंडक्याला सालीचा एखादा तुकडा सुटून खाली पडत होता. एक तुकडा घरंगळत माझ्या पायाशी आला आणि उलटा पडला. आतल्या बाजूला ती नक्षी होती. मधे एक जाड रेघ, तिला दोन्हीकडून बारीक बारीक पाय फुटलेले, गोमेसारखे. तो माणूस म्हणाला, "ऐनाचं लाकूड एक नंबर आहे. पण सालीसकट कोणी पाठवलं? किड्यांनी सगळी पोखरलीय."

मी खाली बघत राहिले. कोणी पाठवलं ते मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्याला आज सोळा दिवस झाले. घरातली माणसं आपापल्या कामाला लागली आहेत. मला मात्र सारखं दमल्यासारखं वाटतं. पाणी भरून झालं की हंड्याशेजारीच बसून राहते. तोंडानं बोलायचं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा चुकेल तिथं तुम्ही समजून घ्या. तुम्ही तर तेवढंही शिकला नव्हतात.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, "सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि उत्तर द्यायचं, नुसती मान हलवायची नाही." मला ते दुसरं जमेना. तुम्ही संध्याकाळी उल्हासनगरच्या वखारीतून यायचात. केसांत, भुवयांत, कानात लाकडाचा भुसा. हातपाय धुऊन बसलात की डावा हात वर धरायचात. त्याची करंगळी आऱ्यानं नेलेली. "सूनबाई, आज किती शब्द बोललीस? हे बघ, चार बोटं आहेत. तुझे शब्द मोजायला पुरतात." सासूबाई म्हणायच्या, "अहो, लाजते ती. कशाला छळता?" मी पदर तोंडात धरून हसायचे. तुम्ही एक बोट मिटवायचात. "हसली. हा एक धरू."

सासूबाई गेल्या, तुमचं वखारीतलं काम सुटलं आणि आपण खरवईला राहायला आलो. तुम्ही घरात बसणारे नव्हतातच. आठ दिवसांत मागच्या टेकडीवरची झाडं तुम्हाला तोंडपाठ झाली. जंगलखात्याच्या हद्दीत, ओहोळाच्या वरच्या अंगाला अकरा ऐन होते. मगरीच्या पाठीसारखी साल. तुम्ही प्रत्येकाला हात लावून बघितलात, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावलात. वखारीत सिंधी शेठ विचारायचा म्हणे, "साईं, इसमें कीड़ा है क्या?" आणि तुम्ही ओंडका ठोकून डोळे मिटून सांगायचात. तेच इथं चाललं होतं. मी मागे उभी. मला म्हणालात, "जन्मभर आडवी झाडं बघितली. आता जरा उभी बघू."

तेव्हापासून आपण दोघं वर जायला लागलो. मला आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगचं काम होतं, सुटीच्या दिवशी आणि दुसरी पाळी असली की सकाळी यायचे. तुम्ही काठी घेऊन पुढं, मी मागं. आपण फारसं बोलायचो नाही. मला वाटतं, या घरात माझ्या न बोलण्याला कंटाळला नाही असे तुम्ही एकटेच. तिथं ऐनाखाली बसलं की तुम्हीही गप्प व्हायचात आणि मला कोणी काही विचारत नाही याचं केवढं बरं वाटायचं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस लवकर गेला. गणपती झाले आणि आभाळ कोरडं ते कोरडंच. खाली नवीन बिल्डिंगी उठल्या, प्रत्येकीची बोअर. मार्चपर्यंत वाहणारा ओहोळ दिवाळीतच आटला. ऐनांनी पानं टाकली तीही वेळेआधी, अर्धी हिरवी असतानाच. तुम्ही वर बघून म्हणालात, "घाई झालीय यांना." आपण पाणी न्यायला सुरुवात केली. माझ्या डोक्यावर हंडा, तुमच्या हातात तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा. अर्धं पाणी चढणीवर सांडायचं. उरलेलं बुंध्याशी ओतलं की माती ते एका घोटात पिऊन पुन्हा कोरडी. दामादादांच्या शेताच्या कडेनं जाताना ते बांधावरून ओरडायचे, "मामा, दर्यात लोटा ओतताव काय?" तुम्ही म्हणायचात, "उलटं आहे दामा. दर्या असता तर ओतला नसता."

मागच्या हिवाळ्यात पहिला ऐन गेला. ओहोळाच्या काठचा, सगळ्यांत मोठा. जंगलखात्यानं तो पाडला, त्यांच्या गार्डबाईंनी सांगितलं लाकूड स्मशानाला द्या, नेईपर्यंत इथं राहू द्या. तुमच्यात वखार जागी झाली. लाकूड कसंही पडलेलं तुम्हाला बघवत नव्हतं. दोन माणसं लावून तुम्ही थप्पी रचलीत. खाली दगड, वर ओंडके, रांगेवर रांग, मधे फटी. तिथंच, बाकीच्या ऐनांच्या सावलीत. अशी सरळ थप्पी की गार्डबाईंनी मोबाईलवर फोटो काढला.

त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, "सूनबाई, साल तेवढी सोलून घे. सगळ्या ओंडक्यांची. साल म्हणजे किड्याचं माहेर. सोललेली साल जाळून टाक." तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, कोयता तुमच्या हातात देण्यासारखा राहिला नव्हता. मी मान हलवली.

त्या पंधरवड्यात कंपनीतून माल जायचा होता. दोन पाळ्या सलग. बोटं सुजून अंगठी निघेना. एका सकाळी कोयता घेऊन मी वर गेले. ऐनाची साल जाड, चिवट. वरच्या रांगेतले ओंडके सोलले, तेवढ्यात दोन तास गेले. खालच्या रांगा तशाच. वाटेवरून गेलं तर वरचीच रांग दिसते, हे मी बघून घेतलं होतं. लिहिताना हात थांबतो आहे, पण बघून घेतलं होतं हे खरं. मग डबा घेऊन कामावर गेले. उद्या करू म्हणून गेले, आणि तो उद्या आलाच नाही.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "सोलली का?"

मी मान हलवली. तुम्हाला ती दिसली नाही. म्हणून तोंडानं म्हणाले, "हो."

तुम्ही बोट मिटवलंत. एक शब्द.

एप्रिलच्या उन्हात शेजारच्या तीन ऐनांच्या बुंध्याशी पीठ पडलेलं दिसलं. चाळलेल्या नाचणीच्या पिठासारखं, तांबूस. आधी मला दिसलं. तुमच्या आधी चार-पाच दिवस. मी पायानं मातीत मिसळून टाकलं. मग ते इतकं पडायला लागलं की तुमच्या बोटांना लागलं. तुम्ही चिमूट नाकाशी नेलीत. "आला गं," म्हणालात. "किडा आला."

गार्डबाई आल्या. नाशिककडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण समजावून सांगणाऱ्या. त्यांनी चाकूनं साल उचलली आणि आत तीच गोमेसारखी नक्षी दिसली. तिळाएवढा काळा भुंगा नखावर घेऊन त्या म्हणाल्या, "काका, हा एवढासा. धडधाकट झाडात शिरला ना, तर झाड डिंक सोडतं, त्याला भोकातच बुडवून बाहेर ढकलतं. पण डिंक करायला अंगात पाणी लागतं. ही झाडं दोन वर्षं तहानलेली. तहानलेल्या झाडाचा वास यांना लांबून कळतो म्हणतात. मग एक शिरतो, तो बाकीच्यांना बोलावतो."

"पण आले कुठून इतके?" तुम्ही विचारलंत.

गार्डबाईंनी थप्पीकडं बघितलं. जवळ जाऊन वाकल्या. "वरची रांग सोललीय. खाली सगळी साल तशीच आहे. ही थप्पी कोणी लावली?"

मी तुमच्या मागे उभी होते. तुम्ही डावा हात वर केलात, शाळेतल्या मुलासारखा. चार बोटं.

"मीच," म्हणालात. "नजर गेलीय बाई माझी. कळलं नाही मला."

गार्डबाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "काका, तुम्ही वखारीत होतात ना?" तेवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लाकूड दुसऱ्याच दिवशी स्मशानात गेलं. पण भुंगे आधीच उडाले होते. गावात झालं की मामांच्या थप्पीनं जंगल खाल्लं. दामादादा बांधावरून ओरडायचे, पण आता त्यात थट्टा नव्हती. तुम्ही मान खाली घालून जायचात आणि मी तुमच्या मागून.

मग आपलं ते भांडण सुरू झालं. भांडण म्हणावं असं माझ्या आयुष्यात ते एकच. रात्रीच्या बिरड्यासाठी आपण संध्याकाळी ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसायचो. तुम्ही म्हणायचात, "किड्यानं मारलं. तो आला नसता तर झाडं उभी असती."

मी म्हणायचे, "तहानेनं मारलं. बाई म्हणाल्या ना. झाडाच्या अंगात पाणी असतं तर किडा बाहेर पडला असता."

"तहानलेलं झाड वर्ष काढतं गं. पाऊस आला की पुन्हा फुटतं. तहानेवर किडा बसला की मग नाही."

"पाणीच नाही तर किडा आला काय, नाही आला काय."

"नऊ शब्द झाले," तुम्ही म्हणायचात. "या हाताला जमत नाहीत." आणि दोन्ही हात वर करायचात.

मी इतकं का बोलत होते, मामा, ते तुम्ही ओळखलं होतंत का? तहानेनं मारलं असेल तर त्यात माझा हात नव्हता. ढग माझे नव्हते, बोअर माझी नव्हती. किड्यानं मारलं असेल तर मात्र ती खालची रांग होती. मी झाडांची बाजू घेतेय असं वाटायचं, पण मी माझी बाजू घेत होते. आणि तुम्ही रोज, न चुकता, किड्याची बाजू घेऊन सगळं स्वतःवर ओढून घेत होतात.

आणखी एक गोष्ट. वाल सोलताना माझ्या हातून एखाद्या दाण्याला साल राहायची. तुमच्या डोळ्यांना वाटी दिसत नव्हती, पण तो दाणा बोटांत आला की तुम्ही तो बरोबर बाजूला काढायचात. "याला राहिलीय," म्हणून माझ्याकडं सरकवायचात. कितीदा झालं असेल असं. तरी माझ्या डोक्यात कधी प्रकाश पडला नाही की ज्या बोटांना वालाची साल कळते, त्यांना ऐनाची कळली नसेल का? तुम्ही तर रोज त्या थप्पीला टेकून बसायचात.

मी हे आधी जोडून बघितलं नाही. कदाचित बघायचं नव्हतं.

ते तीन ऐन दिवाळीपर्यंत गेले. डिसेंबरात पाडले. या वेळी थप्पी नाही लावली कोणी, ओंडके तसेच इकडंतिकडं पडून राहिले. तुम्हाला तर वर चढवत नव्हतं. छातीत इतक्या वर्षांचा भुसा बसलेला, दोन पायऱ्यांत दम लागायचा. डॉक्टरांनी वाफ घ्यायला सांगितली होती. मी पातेलं समोर धरायचे आणि तुम्ही चादरीतून म्हणायचात, "झाडांना पाणी?" मी म्हणायचे, "घातलं." हे मात्र खरं होतं. कामावरून येऊन दोन हंडे नेत होते. सात ऐन राहिले होते आणि मला त्यांच्याकडं नीट बघवत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी तुम्हाला पेज भरवत होते. दोन घोट घेतलेत आणि चमचा हातानं थांबवलात.

"पाडलेल्या ऐनांची साल काढून घे. ऊन वाढायच्या आधी."

"घेते."

"सगळी," म्हणालात. मग जरा दम घेऊन, "खालचीपण."

तुम्ही माझ्याकडं बघतही नव्हतात. खिडकीकडं तोंड होतं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलंत. माझ्या हातातली पेज सांडली तुमच्या बनियनवर. मी ती पुसत राहिले. तेव्हा म्हणायला हवं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं, आपण दोघंच. दहा महिने तुम्ही माझं ओझं वाहिलंत, आणि मला तेव्हाही तुमचा बनियन पुसणंच सुचलं. मग तुम्ही डावा हात माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "राहू दे." बनियनचं म्हणालात की त्याचं, ते मी अजून ठरवू शकत नाही.

चार दिवसांनी तुम्ही गेलात.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अंगणात मांडव, समोर तुमचा फोटो, वंदना झाली. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. वखारीतले जुने सोबती बोलले, ह्यांचे कंपनीतले मित्र बोलले. मी खीर ढवळायला मागे बसले होते. दामादादा उठले. मनात वाईट नव्हतं त्यांच्या, डोळे भरलेले होते. म्हणाले, "मामा देवमाणूस. झाडावर पोटच्या पोरासारखी माया. आता लाकडाची साल काढायची विसरले, तीन झाडं गेली, माणूस हाय, चूक होते. आपुन त्यांना माफ करायला पायजे."

माफ करायला. तुम्हाला.

माझ्या हातात पळी तशीच होती. मी कधी उठले ते मला कळलं नाही. सगळी तोंडं माझ्याकडं वळली. ह्यांनी मान वर केली. मी तुमच्या फोटोकडं बघितलं. फोटोत तुमचे हात दिसत नाहीत, खांद्यापर्यंतचाच आहे.

"साल मी सोलली नव्हती," मी म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. एका बाईनं मला धरून खाली बसवलं, म्हणाली, "लेकीसारखी होती, मनाला लावून घेतलंय." दामादादा तसेच उभे. गार्डबाई शेवटच्या खुर्चीवर होत्या. त्या उठून माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोणती? मागच्या वर्षीची, थप्पीतली?" मग मी सांगितलं. सगळं. दोन पाळ्या, वरची रांग, "हो", मातीत मिसळलेलं पीठ, वर केलेला हात. दामादादा ऐकत होते, हेही ऐकत होते. खीर लागली खाली. तेवढं तर मी लग्नापासून एका दमात बोलले नव्हते.

ह्यांनी वडिलांच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाले, "अण्णांना माहीत होतं?"

"होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

मी उठून खीर खाली उतरवली.

दामादादा निघून गेले. मला वाटलं, आता गावभर होणार. झालंही असेल. गार्डबाई जाताना एवढंच म्हणाल्या की तहान आणि किडा यांतलं एक वेगळं काढून दाखवता येत नाही, ताई, पाऊस तुमच्या हातात नव्हता, साल होती. हे ऐकून बरं वाटलं की वाईट, मला सांगता येणार नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आपलं भांडण मिटवायला सरकार आलं.

काल सुटी होती. मी कोयता घेऊन वर गेले. बघते तर दामादादा आधीच आलेले, त्यांचा स्वतःचा कोयता घेऊन, एका ओंडक्यावर बसलेले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुठून सुरू करायची?" मागून हे आले. दिवसभर आम्ही तिघं सोलत होतो. हात पुन्हा सुजले आहेत, म्हणून अक्षर असं येतंय. सालीखाली पांढऱ्या अळ्या होत्या, तांदळाएवढ्या, वळवळणाऱ्या. अजून उडायच्या होत्या. सालीचा ढीग ओहोळाच्या कोरड्या पात्रात नेऊन आम्ही जाळला. तडतडत होता. धूर सरळ वर गेला, वारा नव्हता.

सात ऐन उभे आहेत. एकाच्या बुंध्याशी चिमूटभर पीठ आहे. या वेळी मी ते मातीत मिसळलं नाही, गार्डबाईंना फोन करून सांगितलं. वाचेल असं त्या म्हणाल्या नाहीत. पाणी घालत राहा म्हणाल्या. पाऊस यायला अजून चार महिने आहेत आणि मी फार दमले आहे, मामा.

निघताना ह्यांनी विचारलं, "झालं ना सगळं?" तुमच्यासारखंच विचारलं. उत्तर द्यायच्या आधी मी प्रत्येक ओंडक्याशी परत गेले. उलटवता येईल तो उलटवला, उलटवता येईना त्याच्याखाली हात घालून चाचपलं. तुम्ही वाल चाचपायचात तसं. एका ओंडक्याला, जमिनीकडच्या अंगाला, वीतभर राहिली होती.

ती काढली.

सोलली, मामा. सगळी. खालचीपण.